एकशेचाळीसच्या वर नाही

२ डिसेंबर १९७४, सोमवार
शोभा आज सायकलवर जकात नाक्यापासून घरापर्यंत अशी सुटली की रस्त्यातली म्हैससुद्धा आपण होऊन बाजूला झाली. पोरीला उतरूच दिलं नाही. सीटवर बसल्या बसल्या मनगट धरलं, घड्याळ लावून अख्खं मिनिट मोजलं. एकशेचाळीस. काल तेवढेच, परवा तेवढेच. एकोणीस वर्षांची पोर, आणि काळीज कसं शिस्तीचं! वीस वर्षं ड्रिल शिकवतोय, असा एक पोरगा हाताखालून गेला नाही.

जिन्यात उभं राहून पोरीच्या आईला ओरडून सांगितलं. हिची अटच आहे तशी. शो.ला लहानपणी सांध्यांचा ताप आला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, हृदयाला जपा. तेव्हापासून ही जपतेय. ठोके एकशेचाळीसच्या वर जात नाहीत असा मी रोज शब्द द्यायचा, तरच १२ जानेवारीची शर्यत. एकदा जरी वर गेले, तर सायकल माळ्यावर. शर्यतीत पहिली आली तर पुण्याची निवड. सगळं त्या मनगटावर.

५ डिसेंबर, गुरुवार
शाळेत मास्तरमंडळी विचारतात, हा एकशेचाळीसचा आकडा काढला कुठून. शिबिर करून आलेल्या दोस्तानं सांगितलं. दोनशेवीसातून वय वजा करायचं, उरलं ती वरची हद्द. शो.चा जुना ताप धरून मी त्याच्याही पुष्कळ खाली, सत्तर टक्क्यांवर दोरी बांधली. हसतात लेकाचे. हसू देत. पोरीला चड्डीवर सायकल चालवू देतो म्हणून आधी हसून झालंय, आता ठोक्यांवर.

८ डिसेंबर, रविवार
तुळजापूरचा घाट. मी दूधवाल्या बापूच्या मोटरसायकलवर मागं. चढाला गाडी कण्हायला लागली, बापूनं खालचा गिअर टाकला, तेवढ्यात शो. पुढं. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. बापू म्हणाला, मास्तर, तुमच्या पोरीला पेट्रोल कुठलं घालता?

वर पोचल्यावर मनगट मागितलं तर हात मागं घेतला. "घरीच मोजू की अण्णा. तितं तुमचा हात बरोबर बसतो." बरं म्हटलं. घरी मोजले. एकशेएक्केचाळीस. घाटाचा एक ठोका जास्त धरला.

१३ डिसेंबर, शुक्रवार
खाली घरमालक नरसय्याचे चारही यंत्रमाग बंद. वीजवाल्यांची साप्ताहिक सुट्टी. या गल्लीत मागाची सुट्टी ती सगळ्यांची सुट्टी, भाडेकरूंचीसुद्धा. शो. आठ वाजेपर्यंत झोपली. विश्रांतीही पाहिजेच. कढण, कडक भाकरी, शेंगाची चटणी. ही उद्या केमला माहेरी निघाली, भावजयीच्या बाळंतपणाला. महिनाभर तरी नाही. जाताना तीच ती तंबी. "तुमी मोजा. दुसऱ्या कुणाला मोजू देऊ नका." माझ्यावर एवढा भरवसा.

१७ डिसेंबर, मंगळवार
सकाळपासून वीज गेलेली. शो. नाक्यापासून आली. मनगट धरलं.

एकशेअठ्ठ्याहत्तर.

घड्याळ कानाला लावून बघितलं. चालू. परत मोजलं, तोवर थोडे उतरले होते, तरी हद्दीच्या पुष्कळ वर. शो.ला विचारलं, चक्कर येते का, छातीत काही? "न्हाय. भूक लागलीय." पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा मागितले. माझेही तिलाच वाढले. एका दिवसात असं काय झालं पोरीच्या हृदयाला.

संध्याकाळी वीज आली, खाली माग सुरू. चहा घेऊन पायरीवर बसलो. सहज स्वतःचं मनगट धरलं. एकशेचाळीस. बसल्या जागी, बशीतून चहा पिताना, त्रेचाळिसाव्या वर्षी! एक तर मी चाललो वर, नाही तर…

खट खट खट खट. पायाखालची फरशी हलते त्या तालात. माझी बोटंही त्या तालात. आयुष्यभर पोरांना एक-दो-तीन-चार करून तालात चालवलं, ताल मिळाला की आकडे आपोआप त्यावर चढतात. एवढे दिवस मी नरसय्याचे माग मोजत होतो.

म्हणजे पोर रोज तेवढ्या वर जात होती, आणि मी शाब्बास म्हणत होतो.

१८ डिसेंबर, बुधवार
शो.ला सांगितलं. मान खाली. "मला ठाऊक होतं अण्णा. मी घाटात गळ्यावर बोटं ठेवून मोजते. लई जास्त येतात. पण दम परत बसतो की."

का नाही बोललीस?

"सायकल माळ्यावर गेली असती."

चिडलो. भयंकर चिडलो, दप्तर आपटलं. मग मनात आलं, तीन महिने ही एवढा चढ छातीत घेऊन आली आणि घरी येऊन पाणी भरलं, धुणी धुतली. रागही आला आणि ऊरही भरून आला. कुठला जास्त, ठरवता येईना.

२१ डिसेंबर, शनिवार
डॉक्टरकडे. पुष्कळ वेळ नळी लावून बसले. पाठीला, छातीला, परत छातीला. म्हणाले, लहानपणी जी फुरफुर होती ती आज ऐकू येत नाही. मी विचारलं, मग कितीपर्यंत पळवायचं? आकडा द्या. म्हणाले, मास्तर, आकडा माझ्याजवळ नाही. डोळ्यांपुढं अंधारी आली, छातीत दुखलं, तर त्याच क्षणी थांबायचं. बाकी तिला विचारा. शब्द नाही दिला डॉक्टरांनी.

हिला पत्र लिहायला घेतलं. फाडलं. असलं पत्रात लिहून बाळंतिणीच्या घरी कुठं धाडायचं.

२९ डिसेंबर, रविवार
परत घाट. या खेपेस वरच मोजलं. वारा सोडून कसला आवाज नाही. एकशेशहाऐंशी. शो. हसत होती, तोंड लालबुंद, केसांना घामाच्या धारा. एवढ्यात "अण्णा, आणि एकदा?" खाली गेली, परत चढून आली. मी बापूकडे पाठ केली. डोळे पुसताना बघितलं असतं तर गावभर केलं असतं त्यानं.

भीती गेलेली नाही. ती आणि कौतुक एकाच पाटावर जेवायला बसलीत.

४ जानेवारी १९७५, शनिवार
आता तीच मोजते, तीच ठरवते कधी सोडायचं. काल चढाच्या मध्येच आपण होऊन थांबली. का? "आज न्हाय बरं वाटलं." बस्स. मी एवढं शहाणपण ह्या वयात दाखवलं नसतं.

११ जानेवारी, शनिवार
उद्या शर्यत. ही दुपारच्या गाडीनं आली. हातपाय धुतले, आणि पहिला प्रश्न. "तेवढेच हायत का ठोके?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. म्हणवलं नाही. सगळं सांगितलं. माग, घाट, डॉक्टर, एकशेशहाऐंशी. मला वाटलं आता माळ्याची शिडी मागते.

उठली, जिना उतरली, नरसय्याला म्हणाली, "भाऊ, जरा माग बंद करा." तो गडबडला. काय झालं ओ वहिनी? "करा की." चारही माग थांबले. गल्ली एकदम गप्प. नरसय्या बटणावर हात ठेवून उभा. हिनं शो.ला अंगणात खाटेवर बसवलं, आणि तिच्या छातीला कान लावला. डोळे मिटलेले. शो. इकडं माझ्याकडे बघतेय.

किती वेळ गेला कोण जाणे. घड्याळ हातात होतं, बघितलं नाही.

मग हिनं डोकं उचललं, पदरानं कान पुसला. माग सुरू करा म्हणाली. मला विचारलं, "सकाळी किती वाजता निघायचं?"

तू येणार?

"व्हय."

बघायला येते का थांबवायला, विचारलं. भाकऱ्या थापायला बसली आहे, बापूला धरून चौघांना पुरतील एवढ्या.