उजवा कौल

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा गाडी! सकाळच्या चहाबरोबर रोज हाच विषय येतो, बिस्किटासारखा.

"दोन माणसां आणि दोन गाडये. लोक हसतत गो!" — हे. लोक म्हणजे नेमके कोण, असं विचारलं. ह्यांचे 'लोक' कधी नावानिशी सापडत नाहीत.

म्हटलं, संस्कृतात दोघांसाठी वेगळं वचन आहे. दोन डोळे, दोन हात, दोन अश्विनीकुमार. मग दोन गाड्यांनीच काय पाप केलंय? ह्यांनी पेपर जरा वर धरला. तोंड दिसेनासं झालं.

ह्यांचं म्हणणं तसं चूक नाही. दोघंही निवृत्त. पांढरी गाडी मोठी, नवी. माझी तांबडी अल्टो म्हातारी, घरापुढच्या खळ्यात उभी राहून खारा वारा खाते आणि खालून गंजते. पण पांढरीला हे कोणाला हात लावू देत नाहीत. मला तर नाहीच — "तुका क्लच सोडूक येणा नाय." म्हणजे तांबडी गेली की मीही गेले. म्हणजे कुठेच गेले नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आरोंद्याहून आत्ताच परतले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून बुधवार माझा. पहाटे निघायचं, एक रात्र आईकडे, दुसऱ्या दिवशी जेवून परत.

आईची नखं कापली. औषधांची डबी तपासली — सोमवारची गोळी मंगळवारच्या खणात! वर्षालीला पुन्हा समजावलं. धाकटा भाऊ स्वरूप ह्यात लक्ष घालत नाही, तेव्हा त्याच्या बायकोलाच सांगायचं. ऐकते बिचारी. मग आईकडून स्तोत्र म्हणवून घेतलं. मधली ओळ नेमकी गाळते. पुन्हा म्हणायला लावलं. या वयात जीभ चालती ठेवायला हवी.

हे मला घेऊन आले की काय होतं ते पुष्कळ भोगलंय. ओटीवर अर्ध्या खुर्चीत बसणार, पायांत चपला, बोटात चावी फिरतेय. चहा संपायच्या आत "निघूया?" आईशी बोलणं म्हणजे तार केल्यासारखं. एवढ्यासाठी तांबडी. नाहीतर त्या गाडीचं मला काय कौतुक! एसीने तर केव्हाच देह ठेवलाय.

९ नोव्हेंबर, रविवार

काहीतरी बिघडलंय. आत्तापर्यंत ह्यांना लोकांची लाज होती. परवापासून लोक गेले, नुसता हट्ट राहिला. "गाडी जावक व्हयी." का? "जावक व्हयी म्हणजे व्हयी." दत्तप्रसाद हे नाव ठेवताना सासूबाईंना वाटलं असेल, मुलगा प्रसन्न होईल.

दुपारी म्हणाले, "देवाक इचारूया. तो सांगात तां."

मी हो म्हटलं. इथे विहीर कुठे खणायची ते देव सांगतो, वाटणी देव सांगतो. कौल झाला की गावात कोणी तोंड उघडत नाही. आणि खरं सांगायचं तर — जिंकणार याची खात्री होती. आमच्या दोघांत न्यायशास्त्र कोणी वाचलंय?

११ नोव्हेंबर, मंगळवार

कौल झाला.

परशुराम गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर वीक, डावी पडली तर ठेव. मग गाऱ्हाणं — "बा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरांच्यो दोन गाडये आसत. त्यातली तांबडी इकूची की ठेवची, हेचो काय तो उलगडो कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे केवढ्याने ओरडले! मीही म्हटलं, घशातल्या घशात.

बराच वेळ काही हललं नाही. ह्यांच्या कपाळावर घाम. मला हसू येत होतं — एका जुन्या गाडीसाठी माणूस इतका कासावीस!

उजवी पडली.

नमस्कार केला. देवाला मोटारींतलं एवढं कळतं हे ठाऊक नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कणकवलीचा एक मुलगा घेऊन गेला. चावी मीच दिली. पुढच्या काचेवरची हळद पुसायची राहून गेली. तिसरा गिअर अडतो, तेवढं सांगितलं. हे आत होते. बाहेर आले नाहीत.

रडले नाही. देवाचा शब्द. स्वरूपला फोन करून सांगितलं की आता दर बुधवारी जमणार नाही. "बरा, बरा," म्हणाला. पुरुषांना असल्या गोष्टींचं काही वाटत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

लिहितेच.

मासे घ्यायला गेले होते. तिथे परशुरामाची लक्ष्मी भेटली. पापलेटाचे कल्ले उघडून बघताबघता सहज म्हणाली, "बाईनू, गाडी गेली मां? आमका वायटच वाटला. पयलो कौल डावो पडल्लो ना."

कसला पहिला?

"शनवारचो! साहेब येकटेच इल्ले नाय? तांबडी इकू काय, म्हणान कौल लावक सांगितल्यानी. डावो पडलो. साहेब म्हणाक लागले, परत लाय. आमच्या ह्यांनी सांगितलां — तोच प्रश्न देवाक दोनदा घालूचो नाय. पण घरकारणीक घेवन येवा, दोघांच्या नावान गाऱ्हाणां घालूया, मगे तो प्रश्न नवो."

तो प्रश्न नवा!

म्हणजे देव 'ठेव' म्हणाला होता. आणि मंगळवारी माझ्या शेजारी हात जोडून उभा राहिलेला माणूस ते जाणून होता. मला देवळात नेलं ते माझं म्हणणं देवापुढे जावं म्हणून नव्हे. नियमातली पळवाट म्हणून नेलं. आणि मी 'व्हय म्हाराजा' म्हणाले! माझ्याच तोंडाने!

मासे न घेता घरी आले.

"शनिवारी देवळात गेला होतात?"

"गेललंय."

"डावा पडला?"

"पडलो."

"मग?"

"मगे परत इचारलंय."

बस्स. आवाज चढवला नाही, सबब सांगितली नाही. का म्हणून विचारलं, तर ताटाकडे बघत, "गाडी नको होती घरात." अपघाताची भीती? "तसांच समज." भांडायचं तरी कशाशी? भिंत निदान कोरडी असते, ह्यांचे डोळे ओले होते. स्वतःच्याच लबाडीचं वाईट वाटत असेल.

जन्मभर वीजमंडळात होते. लोकांची वीज तोडतानासुद्धा आधी नोटीस द्यायचे. माझी तोडली, मला नोटीस नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बुधवार. खळ्यात तेलाचा काळा डाग. गाडी तेवढा ठेवून गेली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

माझा चहा वेगळा करते. बोलणं बंद. आज म्हणाले, "भाषण तरी दी गो." दिलं नाही. विद्यार्थ्यांना मी रागावत असे. माणूस मनातून उतरला की राग येत नाही, हे आता कळलं. देवाला फसवणारा माणूस मला काय सोडणार? आणखी काय काय दोनदा विचारलं असेल ह्यांनी — माझ्याशी लग्न करू का, हेसुद्धा?

२३ नोव्हेंबर, रविवार

एसटीचं वेळापत्रक पाहिलं. मालवण, कुडाळ, सावंतवाडी, मग आरोंदा. तीन गाड्या बदलायच्या. बुधवारी जाणार. ह्यांना सांगितलं तर चेहरा पांढरा पडला. "मी सोडतंय. फोन करून जाव या. अचानक जाव नको." नको तुमचं सोडणं, नको तुमचा फोन! मला माझ्या माहेरी जायला आता ह्यांचा कौल लागणार!

२६ नोव्हेंबर, बुधवार

वर्षालीने दार उघडलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं — "वन्सं! भावोजींनी गाडी विकली ना? आता येणार नाहीत म्हणून आम्ही..." जीभ चावली. स्वरूप उठून परसात गेला. आईला मात्र लपवणं कधी जमलंच नाही. "मीच सांगितलंय जावयाक. बुधवार इलो की माका परीक्षेक बसल्यासारखां वाटता गो. तू गेलंस काय वर्षाली दोन दिवस रडता. तुझी गाडी तेवढी बंद करा म्हटलंय, पण माझा नाव सांगा नको. तुका लागला असता."

नखं कापली नाहीत. डबी उघडली नाही. जेवले आणि निघाले. इथलं बोलणं ह्यांच्या कानावर घालायचं नाही, असं तिघांकडून कबूल करून घेतलं.

परतले तर स्टँडवर हे उभे होते, कधीपासून कोण जाणे. "आई बरी आसा?" विचारताना आवाज चिरकला.

"बरी आहे," मी म्हटलं. "सोडतच नव्हती. राहा, राहा म्हणत होती."

ह्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.