त्रेपन्न सालाच्या आधी उघडू नये

कॅम्प, बेळगाव
माघ, सन १९३९

प्रिय विद्युल्लता,

शाळेच्या धोबीखान्यामागच्या पायरीवर बसून आपण दोघी एकच पेरू आळीपाळीनं खात होतो, ती दुपार तुला आठवते का? विशेष काही घडलं नव्हतं. शिवणाच्या सिस्टर खुर्चीत डुलक्या घेत होत्या, दोरीवर पांढरे झगे वाळत होते, आणि तुझ्या वाट्याला सगळ्या बिया आल्या म्हणून तू माझ्याशी अबोला धरला होतास (तो प्रार्थनेच्या घंटेपर्यंत टिकला). मला हल्ली अशाच बिनकामाच्या दुपारी आठवतात. तर तुला माझा नमस्कार, तुझ्या सासूबाईंना साष्टांग, आणि तुझ्या यजमानांचा दमा व निपाणीचा तंबाखू या दोघांचं यंदा एकमेकांशी कसं जमतंय तेही कळव. तुझे गुडघे कसे आहेत? माझे बरे आहेत. या घरात बरं म्हणण्यासारखं सध्या तेवढंच आहे.

ह्यांचं तुला ठाऊक आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं आणि होतं तसं शिवून घरी पाठवलं. दावा फेटाळला, अपील नाही, असं हे आपल्या वकिली भाषेत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, म्हणजे सांगत होते. आमटीत मीठ कमी पडलं तर ताट पुढे सरकवणारा हा माणूस, आता मी काहीही पुढे केलं तरी "छान झालंय" म्हणतो आणि खात नाही. पेजसुद्धा नको. मला त्या "छान"ची फार भीती वाटते. आणि अशात गेल्या आठवड्यात ह्यांनी स्वतःहून एक गोष्ट मागितली: मेजरसाहेबांची वाइन. (वन्सं शेजारीच बसल्या होत्या. त्यांची जपमाळ थांबली.) विद्युल्लता, ह्यांना ती मिळाली पाहिजे, याखेरीज मला दुसरं काही सुचेना.

मेजर ऑस्बर्न म्हणजे आमच्या शेजारच्या बंगल्यातले. रोज संध्याकाळी ह्यांच्याशी बुद्धिबळ खेळायचे आणि रोज हरायचे. विलायतेला परत जाताना त्यांनी ह्यांना सहा बाटल्यांची एक लाकडी पेटी दिली. फ्रान्सात ऱ्होन नदीच्या काठी अर्मिताज नावाची टेकडी आहे, तिथल्या सिरा नावाच्या काळ्या द्राक्षांची ती तांबडी वाइन. लंडनचे शौकीन म्हणे तिच्यासाठी आधीपासून नाव नोंदवून बसतात. बाटल्या सन तेहेतीसच्या होत्या. मेजर म्हणाले, हिला वीस वर्षं अंधारात आडवी ठेवा, तरुणपणी ही कोणाशी धड बोलत नाही. पेटीवर त्यांनी रंगानं लिहूनही दिलं, की त्रेपन्न सालाच्या आधी उघडू नये. मग त्याच हिवाळ्यात ते स्वतः तिकडे वारले.

ह्यांनी जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही. ह्यांचं व्यसन एकच, निपाणीची तपकीर. पण दिलेला शब्द म्हणजे शब्द. मुंबईहून पुस्तकं मागवून हे वाइनवर इतकं वाचत बसले, की अशील खटल्याबद्दल विचारायला यायचा आणि बुचाबद्दल ऐकून जायचा. पेटी कोठीच्या खोलीत, लोणच्याच्या बरण्यांशेजारी. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण मनुबाई (आमच्या आनंदच्या लग्नात तुझ्या पदराला शिवल्यामुळे ज्यांनी पुन्हा आंघोळ केली, त्याच). त्या रोज सकाळी सगळ्या बाटल्या उभ्या करून ठेवायच्या, कारण आडवी बाटली गळते हा त्यांचा अनुभव. आणि हे कोर्टातून आल्यावर पुन्हा आडव्या करायचे, कारण उभ्या बाटलीचं बूच वाळतं हे ह्यांचं वाचन. "वीस वर्षं मुरायचं ते लोणचं खायला राहायचं कुणी?" असं वन्सं विचारायच्या, तेव्हा आम्ही सगळे हसायचो.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, खुशाल द्या, आता कशानंच काही बिघडणार नाही. (असं उत्तर देण्याआधी डॉक्टरांनी थोडा वेळ घ्यावा, असं मला वाटतं.) मेजरची मुदतीची अट ह्यांनी स्वतःच शिथिल केली, पक्षकाराची प्रकृती पाहता कोर्ट तेवढं करू शकतं म्हणाले. आता फक्त बूच काढायचं उरलं, असं मी समजले, तर मध्ये काशी आली.

आम्ही काशीला गेलो होतो तेव्हाची गोष्ट तुला सांगितली की नाही आठवत नाही. तिथे एक फळ जन्मभरासाठी सोडायचं असतं, आणि सोडायचं ते आवडीचं. मी भोळेपणानं फणस सोडला, आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात बेळगुंदीचे अशील गाडी भरून फणस आणून टाकतात आणि मी नाकाला पदर लावून घरात फिरते. ह्यांनी घाटावर उभं राहून पुष्कळ विचार केला आणि द्राक्षं सोडली. का, तर बेळगावात द्राक्षं येतात कुठे? काबूलची चार कापसात गुंडाळून आली तर आली. तेव्हा स्वतःच्या हुशारीवर हे इतके खूश होते की परतीच्या गाडीत डबाभर लोकांना त्यांनी ती सांगितली. आता वन्संनी शांतपणे विचारलं, की ती वाइन कशाची करतात?

भटजींनी एका वाक्यात मोकळं केलं: औषध म्हणून घ्या, दोष नाही. तर ह्यांनाच ते पटेना. औषध म्हणून घेतली तर चव घेण्याचा हक्क राहत नाही, आणि चवीसाठी घेतली तर नेम मोडतो. दोन्ही बाजू ह्यांनीच मांडल्या, उशीला टेकून, मध्ये मध्ये दम खात, आणि शेवटी स्वतःविरुद्ध निकाल दिला. मी रडले. म्हटलं, देवाला इतका कायदा कळत नाही. हे म्हणाले, "त्याला एकदा फसवलं तेवढं पुरे." मग डोळे मिटले, आणि न उघडताच म्हणाले, "तू पी. आणि मला सांग."

घरात बूच काढायचा स्क्रू नाही. हरिभाऊ आले होते (ह्यांचे शाळेपासूनचे मित्र, हायस्कुलाचे निवृत्त हेडमास्तर, ज्यांना प्रत्येक गोष्टीचं शास्त्र माहीत असतं आणि हातानं काही होत नाही). ते म्हणाले, लांब स्क्रू बुचात फिरवून सांडशीनं ओढायचा. एवढा लांब स्क्रू सगळ्या घरात एकाच ठिकाणी निघाला, फाटकावरच्या ह्यांच्या नावाच्या पाटीला. आमची रुक्माबाई भांडी टाकून धावत आली. "पाटी उतरवू नगा, बाईसाब. लोकं भलतंच समजत्याल." पाटी उतरवली नाही, पण एक स्क्रू काढल्यावर ती एका बाजूनं लोंबायला लागली. आणि हरिभाऊ आत सांडशीशी झोंबत असताना बाहेर कोणीतरी मोठ्यानं गळा काढला. येळ्ळूरचा ज्योतिबा, ज्याची शेताच्या बांधाची केस ह्यांनी जिंकून दिली होती, तो समाचाराला आला होता आणि पाटी पाहून फाटकातच बसला होता. आतून हे विचारतात, कोण गेलं? त्याला धरून आत आणलं तर तो डोळे पुसत म्हणाला, "वकीलसाब, तुमी हाय व्हय अजून?" हे म्हणाले, "आहे रे. थोडा."

बूच अर्धं बाहेर आलं, अर्धं आत पडलं. वन्संनी घरातलं एकही भांडं द्यायला नकार दिला. शेवटी ह्यांच्या कवळीचा पेला घेतला. कवळी आता लावतच नाहीत. वाइन ओतली तर गर्द जांभळी, पेल्याच्या पलीकडचं दिसेना. मी, वयाची पन्नाशी उलटलेली, नऊवारी नेसलेली बाई, नवऱ्याच्या उशाशी बसून दारू प्यायले. सिस्टरांनी एवढी वर्षं शिकवलं त्यात हे नव्हतं.

मी म्हटलं, छान आहे, गोड आहे. हे माझ्याकडे बघत होते. आवाज खोल गेला होता पण नजर कोर्टातली होती. "साक्षीदारानं खाली का पाहिलं?"

मग मी खरं सांगितलं. हे एकेक विचारत गेले. आधी काय, मग काय, जिभेच्या टोकाला की मागे, गिळल्यावर काय राहिलं. आधी जांभूळ, मी म्हटलं, चांगलं पिकलेलं. पण ते येतं न येतं तोच हिरड्या आवळून येतात, कोवळी सुपारी चावल्यासारख्या. मग काळी मिरी. मग थोडा धूर. शेवटी जीभ कोरडी होऊन टाळ्याला चिकटते आणि डोळ्यांत पाणी येतं. वाईट आहे का, ह्यांनी विचारलं. मी दुसरा घोट घेतला. (वन्संनी तो मोजला.) वाईट नाही, म्हटलं. कडक आहे. सगळं आत आहे, पण दार लावून बसलीय. आपलं लग्न झालं तेव्हा तुम्ही होतात तशी.

हे हसले. हसल्यानं टाके ओढले गेले असणार, पोट धरलं, तरी हसत राहिले. म्हणाले, म्हणजे मेजर खरं बोलत होता. आणि मग, विद्युल्लता, हे तुलाच लिहिते, म्हणाले, "वास घेतल्यानं नेम मोडत नाही. इकडे ये." तपकीर आजारपणात सुटली होती, नाकाला पुन्हा वास यायला लागला होता. मी वाकले. ह्यांनी माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं आणि कितीतरी वेळ श्वास घेत राहिले. हरिभाऊ खिडकीतून पाटीकडे बघायला लागले. वन्संनी भिंतीकडे तोंड केलं आणि जप मोठ्यानं सुरू केला. "मिरी," हे म्हणाले. "आहे खरी."

इकडे थंडी अजून आहे. आंब्याला मोहोर बरा आलाय. सगळ्यांना नमस्कार.

तुझी,
लतिका

ता. क. मुख्य काम राहिलं. आनंदला तार केली आहे. का केली ते तुला सांगायला नको. तो पुण्याहून निघाला असेल. माझा मुलगा सोन्यासारखा आहे, पण गेल्या वर्षापासून दारूबंदीच्या सभांतून भाषणं करतो, आणि वडिलांसारखाच स्वतःलाही सवलत न देणारा आहे. आधी बापाच्या पायाशी बसून रडेल आणि मग उठून उरलेल्या बाटल्या गटारात ओतेल. तेव्हा तो पोचण्याआधी तुमच्या तंबाखूच्या लॉरीवर भरमू गड्याला इकडे पाठव. पेटी तुमच्या गोदामात, गासड्यांच्या मागे, गारव्याला राहू दे. भरमूनं विचारलं तर औषध आहे असं सांग.

ता. क. वर मी हे हसले म्हणून लिहिलं ते खरं आहे, पण ती परवाची दुपार. त्यानंतर ह्यांनी वाटणी सांगितली, मग झोपले, आणि आता हाक मारली तरी ओ देत नाहीत. साऱ्या तालुक्याची मृत्युपत्रं लिहिली, स्वतःचं एवढंच सांगितलं, म्हणून नीट लिहून ठेवते. मी नसले तर तू बघ. एक बाटली हरिभाऊंना; ते त्रेपन्नपर्यंत राहिले नाहीत तर त्यांच्या थोरल्याला. एक आनंदला, पण तोवर त्याला कळू द्यायचं नाही; तेव्हा त्याला वाटेल ते त्यानं करावं, ओतलीन तरी ह्यांची हरकत नाही. एक आनंदच्या बेबीला. ती आता नातवंडांत एकटीच आहे, तिनं उघडली नाही तरी जवळ ठेवावी. एक तुला. रिकामी झालेली वन्संनी एरंडेलासाठी मागून घेतली आहे. भरलेल्यांतली पाचवी माझी. तिला सालाची अट नाही, मला वाटेल त्या दिवशी उघडावी, हे ह्यांनी दोनदा सांगितलं. ती भरमूकडे देणार नाही. ती इथेच राहील.