तुमचं ते 'बघू'

अहो,

तुम्ही उठाल तेव्हा आमचं विमान सुटलेलं असेल. आमचं म्हणजे माझं आणि तुमच्या ताईंचं. युरोपातले तीन देश, मधल्या रेल्वेगाड्या, येतानाचं विमान, सगळं मी एकटीने जुळवलं. रात्रीची गाडी चालेल का, विचारलं. मोबाईलमधून मान वर न काढता म्हणालात, 'बघू'. तिकिटं काढू का, तर पुन्हा 'बघू'. ताईंना विचारलं, त्या लगेच म्हणाल्या, 'चल!'

तुमची नवी बॅग त्यांनीच नेली आहे. 'सगळं प्लॅनिंग माझं' म्हणून मित्रांपुढे मिरवलात ना? त्यांना फोटो मीच पाठवीन. गॅस संपत आलाय.

परत कधी येणार, हे विचारायला फोन करू नका. उत्तर इथेच लिहून ठेवते: बघू.