बाबांचा उजवा हात

१२ मार्च
ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तू काकांकडे सुखरूप आहेस, हे कळले. कपाळाचे टाके भिजवू नकोस.

काल सकाळी बाबांचा उजवा हात व पाय लुळा पडला. डॉक्टर मेंदूचा झटका म्हणतात आणि रक्त पातळ करण्याची औषधे देतात. त्यांना कोडे एवढेच, की तोंड वाकडे नाही, जीभही अडखळत नाही. आतापर्यंत तीन परिचारिकांना बाबांनी गाढव ठरवले आहे. मानेला हात लावला की मात्र किंचाळतात. कुठे मार लागला होता का, असे डॉक्टरांनी विचारले. बाबांनी माझ्याकडे असे पाहिले, की बसल्या बसल्या हात गळाला, असे मी सांगून टाकले. घरातले घरात राहावे. आज डावा पायही जड झाला आहे.

तुझी,
वाळवी

१३ मार्च
चि. वाळवीस,
अनेक आशीर्वाद.

एवढी पुस्तके कुरतडलीस, अक्कल कुठे ठेवलीस? एका वहीच्या वाकड्या शिवणीवरून त्यांनी माझ्या कपाळात हातोडा घातला. मग मी त्यांची मानगूट धरून पुस्तके दाबायच्या शिकंज्यावर दोनदा आपटली. दुसऱ्या खेपेचा आवाज ऐकून तुझ्या हातची खळ सांडली होती. काकांच्या हाती धाडलेले हे पत्र मिळताच डॉक्टरांकडे धाव. पोलीस आले तर माझा पत्ता दे. म्हातारा मेला तर मरू दे, असे परवा वाटले होते. आज घास उतरत नाही.

तुझा,
दादा

२ एप्रिल
ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

मी सगळे सांगितले. बाबा मला खोटारडी म्हणत राहिले. तपासणीत मेंदू धडधाकट निघाला. मानेच्या मणक्यांत रक्त साचून मज्जारज्जू दाबला गेला होता, आणि माझ्या खोट्यापायी दिलेल्या औषधांनी ते वाढतच होते. त्याच दुपारी शस्त्रक्रिया झाली. पोलिसांना बाबांनी जिन्यावरून पडल्याचे सांगितले, तेव्हा तू सुटलास.

पाय सुधारले. उजवा हात खांद्यापर्यंत उचलला गेला की कळवा, असे डॉक्टरांनी बजावले होते. काल मी दूध पाजत असता, घरची अब्रू वेशीला टांगलीस म्हणून बाबांनी त्याच हाताने माझ्या कानशिलात भडकावली. पेला फुटला. कान अजून गुणगुणतो आहे. हात खांद्याच्या वर जातो व जोर पुरेसा आहे, असे डॉक्टरांना कळवले.

हातोडा मी लपवला आहे. इतक्यात येऊ नकोस. लोभ आहेच, तो लांबूनच असू द्यावा.

तुझी,
वाळवी