निळ्या पट्ट्याखालचं नाव

२ मार्च, उदगीर
सकाळी चित्र बघितलं. खाली 'ता. उदगीर जि. लातूर' होतं, त्यातलं 'लातूर' नाही. त्या जागी आकाशी रंगाचा सपाट पट्टा. काल संध्याकाळी होतं. मीच लिहिलेलं, तीन दिवस घासून जुनं केलेलं.

नेमकं काय झालंय ते कुणालाच सांगितलं नाही. नुसतं विचारलं, माझ्या चित्राला हात कुणी लावला?

आई : "मी कशाला लावू माय? मला नळाचं पडलंय. धा दिस झाले, पाणी न्हाई."

अप्पा अंगणात कुणाच्या तरी पाण्याच्या ड्रमवर नाव टाकत होते. "कोण लावंल हात?" एवढंच. वर बघितलं नाही.

रशीदचाचा चहा पीत होते. बोर्ड रंगवायच्या धंद्यात अप्पांचे जोडीदार, माझ्या जन्माआधीपासून. पत्र्याला रंगाचं अस्तर चाचा मारणार, अक्षरं अप्पा काढणार, अशी वाटणी. चाचांनी तो अर्धा कप संपवायला फार वेळ घेतला.

तिघांपैकी एक जण काहीतरी लपवतोय.

३ मार्च, एस्टीत, मुखेडच्या पुढे
शांतपणे मांडून बघते.

अंगणात सध्या दुकानांचे बोर्डच बोर्ड. उदगीर जिल्हा होणार म्हणतात, म्हणून जो तो येतो, "जिल्ह्याचं नाव झाका, पुढं जागा सोडा." 'जि.' ठेवायचं, पुढचं झाकायचं. जाहीर झालं की नवं नाव भरायचं. चाचा आणि अप्पा दोन महिने हेच करून राहिलेत. (आणि ड्रम. टँकरच्या रांगेत ड्रमांची अदलाबदल होते, भांडणं होतात, म्हणून प्रत्येकाला नाव हवं.)

माझं चित्रही पत्र्यावर, आणि आहे तेही एका जुन्या बोर्डाचंच. बंद पडलेल्या किराणा दुकानाचा बोर्ड, खऱ्या मापाचा. गंज, उडालेला रंग, खाली शटरची कड आणि ड्रमांच्या रांगेची सावली. ते अंगणात बोर्डांना टेकून ठेवलं होतं. चूक माझी.

पण गंज रंगवलेला आहे. सावलीसुद्धा. उभा जन्म बोर्डात गेलेल्या माणसाला ते दोन हातांवरून कळतं. म्हणजे चुकून नाही. मुद्दाम? कशासाठी?

लहानपणी शाळेच्या आधी अप्पांनी मला ब्रशनं अक्षरं शिकवली. मी काढायची, आणि शेवटचा फटकारा अप्पा मारायचे. न विचारता. तेव्हा मला ते आवडायचं.

आज पत्र्याला वर्तमानपत्र गुंडाळण्याआधी त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. धूळ पुसत असावेत.

फोनमध्ये १ तारखेच्या संध्याकाळचा फोटो आहे. त्यात 'लातूर' स्पष्ट.

७ मार्च, नांदेड
कॉलेजच्या कला विभागात आज सगळ्यांची कामं भिंतीला लावली. जलरंगाचे तास पाण्यामुळे बंदच आहेत, बेसिनला कुलूप. ऑइल पेंटला पाणी लागत नाही म्हणून मी पत्रा धरला होता, दुसरं थोर कारण काही नाही.

कदम मॅडम आल्या. चित्रकलाही त्याच शिकवतात आणि कलाव्यवसायाचा पेपरही त्यांचाच. माझ्या पत्र्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग पट्ट्याकडे बोट.

"हे झाकायचं कधी सुचलं तुला?"

"शेवटी," मी म्हणाले.

हदगावचा शेखर मागून, "आम्हाला वाटलं रंग संपला, मॅडम." सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाकीचं सगळं हुशारीनं केलंय. ही एवढीच जागा हुशारी विसरून केलीय. कड बघा, थरथरलीय. चित्र इथे आहे."

शेवटी. खोटं नाही. ते शेवटीच झालं होतं. दिवसभर हा शब्द तपासतेय.

वाईट हे की त्यांचं बरोबर आहे. पट्ट्याआधी ती नुसती चांगली नक्कल होती. मला माहीत होतं.

१२ मार्च
लातूरच्या एका वकिलांना चित्र हवंय, नव्या ऑफिससाठी. मॅडमनी त्यांना फोटो पाठवला होता. मला विचारून पाठवला होता, हे लिहून ठेवायला हवं. मीच हो म्हणाले होते.

वकील मूळ उदगीरचे. त्यांच्या घराची पाटी अप्पांनी लिहिलेली आहे. मला आठवते, 'ॲडव्होकेट'ची चंद्रकोर.

मॅडमनी फॉर्म दिला. कलाव्यवसायाच्या पेपरात तोच जोडायचा. "सदर कलाकृती पूर्णतः माझ्या हातची आहे." खाली सही. त्याखाली एक ओळ, "इतरांचे सहाय्य (असल्यास नाव व स्वरूप)". ३० तारखेपर्यंत.

सहज विचारल्यासारखं विचारलं, समजा कुणाचा थोडा हात लागला असेल तर?

"तर लिहायचं. मग खरेदीदाराला सांगायचं. तो घेईल किंवा घेणार नाही. परीक्षेला मात्र ते काम धरता येणार नाही." आणि मग, "का गं?"

"काही नाही. समजा."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. की मला वाटलं?

परीक्षेला दुसरं काम नाही. चार महिने ह्याच्यातच घातले.

१५ मार्च
होस्टेलला दोघींत एक बादली. लक्ष्मी (खोलीतली, देगलूरची) तिचा वाटा मला केस धुवायला देते आणि मग दिवसभर ऐकवते.

आज तिनं माझा फोन घेतला, गाणं लावायला म्हणून. दोन्ही फोटो शेजारी शेजारी.

"अय्यो! आधी नाव हाय, मग नाव न्हाई. रात्रीत चोर आला का काय?"

फोन हिसकावला. ती बघतच राहिली. "सुमे, मी काय केलं गं?"

काही नाही केलं. पण आता तिला माहीत आहे. जेवताना ती शेखरशी काहीतरी बोलत होती. माझ्याकडे बघून थांबली. विचारलं तर म्हणे, "तुझ्या वाढदिवसाचं बोलत होते, झाला का तुझा जीव शांत?" वाढदिवस आहे खरा, २१ ला.

फोटो पुसून टाकावा असं एकदा मनात आलं. नाही टाकला. पण मनात आलं.

१८ मार्च
वर्गात कुणी नसताना पट्टा नीट बघितला.

झाकायचं काम चाचांचं. म्हणून चाचाच, असं ठरवून टाकलं आणि अर्धा तास बरं वाटलं. मग कड बघितली. चाचांची कड पट्टी लावल्यासारखी असते, फडक्यानं पुसून सरळ केलेली. ही वर-खाली गेलीय, एका जागी बोटभर शटरवर चढलीय. शिवाय फटकारे अरुंद. चाचा दोन इंची ब्रशशिवाय अस्तर मारत नाहीत. हा अक्षरांचा ब्रश.

अक्षरांचा ब्रश अप्पांचा. चाचा त्याला हातही लावत नाहीत.

पण अप्पांची कड अशी? मॅडमना आवडलेली थरथर अप्पांच्या हातात कधी नव्हती.

२० मार्च
चाचांना फोन केला. पुरतं विचारायच्या आत, "हाव बेटा, मीच मारलो. बोर्ड समजलो. माफ कर बुढ्याला."

"कोणत्या ब्रशनं, चाचा?"

"दोन इंची. आणखी कोणत्या?"

चाचा मला आजवर कधी खोटं बोलले नव्हते. त्यांना ते नीट जमतही नाही. ज्याच्यासाठी बोलले असतील, असा एकच माणूस आहे.

२४ मार्च, उदगीर
आईला सांगितलं, सुट्टी आहे. सुट्टी नाही.

दिवसभर अप्पांच्या मागे. त्यांना कळू न देता.

अप्पा रेघ न मारता लिहायचे. गावात त्याचं कौतुक होतं. आज ड्रमवर खडूचं सूत धरून रेघ मारली, जाड. अक्षरंही मोठी, टोपलीएवढी. बिरादारकाकू ड्रम न्यायला आल्या, "अप्पा, औंदा लई मोठं नाव काढून राहिले?"

"दुरून दिसावं म्हणून."

चाचा लगेच, "टँकरवाल्याला चष्मा न्हाई ना, काकू." काकू खूप हसल्या. अप्पाही हसले. चाचा अप्पांकडे बघत होते.

पेपर पूर्वी अप्पा मोठ्यानं वाचायचे. आता म्हणतात, "तूच वाच गं, मी हात भरवून बसलोय." हात कोरडे होते. आईनं वाचलं, जिल्ह्याचं अजून काही नाही.

मग मी ते केलं. फोन पुढे धरला. "अप्पा, हा फोटो बघा, कसा आलाय?"

त्यांनी घेतला, लांब धरला, जरा तिरका केला. "झकास," म्हणाले.

फोन बंद होता.

मी माझ्या बापाची परीक्षा घेतली. ज्यांनी मला अक्षर दाखवलं त्यांची.

२५ मार्च, स्टँडवर
चाचा सोडायला आले. पिशवी त्यांच्याकडे. मी म्हणाले, चाचा, मला कळलंय. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि सांगितलं.

अप्पांच्या डोळ्यांचं वर्षभर चाललंय. दवाखान्याचं काढलं की अप्पा म्हणतात, जिल्हा होऊ दे, मग बघू. एवढ्या बोर्डांवर जागा सोडलीय, ती आपल्या हातानं भरायची. "एकदा का लोकाला कळलं ना बेटा, कोणी थांबायचं न्हाई. फ्लेक्सवाला बसलाच हाय समोर. आणि तो फ्लेक्सवाल्याला भीत न्हाई. ब्रश ठेवायला भितो."

"त्यांना ठाऊक आहे का, ते माझं चित्र होतं?"

"न्हाई. रात्री मी घरी गेल्यावर त्यानंच झाकला, गिऱ्हाइकाचाच बोर्ड समजला. सकाळी मी बघितलो तर रंग सुकून गेला होता. खुदा की कसम, मी त्याला सांगितलो न्हाई. तू बी सांगू नको."

म्हणजे "कोण लावंल हात" हे अप्पा खरंच बोलले होते. आणि मी तीन आठवडे त्यांच्यावर...

की चाचा आत्ताही त्यांना सांभाळून घेतायत? चाचा एकदा खोटं बोललेत.

एस्टी लागली.

२७ मार्च, नांदेड
लक्ष्मीला सगळं सांगितलं. तिनं शेखरला काहीही सांगितलेलं नव्हतं. वाढदिवसाचंच होतं. २१ ला केक आणला होता तेव्हाही मी तोंड पाडून बसले होते.

ती म्हणाली, "त्यात काय, सही करून टाक. बापानं पोरीच्या चित्राला हात लावला तर त्याला काय सहाय्य म्हणतात?"

मग काय म्हणतात?

नाव लिहिलं तर 'स्वरूप'ही लिहावं लागणार. वकील विचारणार, अप्पांनी नेमकं काय केलं? मी काय सांगू? दिसलं नाही म्हणून झाकलं? ते उदगीरला येतात जातात, आठवड्याच्या आत पेठेत कळेल. नाही लिहिलं तर 'पूर्णतः माझ्या हातची'. ज्या जागेसाठी चित्र घेतायत तीच माझी नाही.

एक मधली वाट सुचली होती. पट्टा खरवडून तसाच आपल्या हातानं पुन्हा मारायचा. पत्र्यासमोर ब्रश घेऊन उभीही राहिले. मला मुद्दाम थरथरता येईना. बरं झालं. ती सगळ्यात वाईट चोरी झाली असती.

२९ मार्च
फॉर्म भरायला घेतला. नाव, माप, माध्यम. सही केली नाही. 'सहाय्य'च्या ओळीत पेन्सिलनं 'वडील' लिहिलं, खोडलं. कागद तिथे खरखरीत झाला.

मग दुपारी अप्पांचा फोन. ते स्वतः कधी करत नाहीत, आई लावून देते.

"वकिलाला चित्र चाललंय म्हणं? आई सांगून राहिली."

"हो."

"लई चांगलं झालं." मग ड्रम सरकवल्याचा आवाज. "द्यायच्या आधी एकदा घरला आण, माय. ती निळ्याची कड वाकडी गेली हाय. सरळ करून देतो."

पट्ट्याबद्दल मी त्यांना एक शब्द बोलले नव्हते. निळा म्हणालेच नव्हते.

"तुम्हाला कसं..."

"त्या दिवशी बांधताना अंगठ्याला लागली."

म्हणजे ३ तारखेपासून त्यांना ठाऊक होतं. मी अंगणात त्यांना चोरून बघत होते तेव्हाही. तो फोन हातात घेऊन "झकास" म्हणाले तेव्हाही.

तेच म्हणाले, "आणशील ना? का आता नको हात लावू मी?"

"आणते," मी म्हणाले.

उद्या अकरा वाजता फॉर्म घेऊन मॅडमच्या केबिनला जायचंय. चित्र घरी न्यायचं तर फॉर्म उद्या देता येणार नाही. कड सरळ झाली तर मॅडमना आवडलेलं चित्र उरणार नाही. सही केलेली नाही. त्याखालची ओळ कोरी आहे, खोडल्याची खूण तेवढी दिसते.

लक्ष्मी म्हणते, सकाळी सातची उदगीरची एस्टी आहे.