शेवटच्या पाटीवरचे चौकोन

अहो,

बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची फिल्म नीट झाली. माझ्या संकलनाच्या जुन्या प्रोग्रॅममधून तुमच्या नव्यात नेल्यावर बाबांचे ओठ मागे अन् आवाज पुढे पळून राहिला होता. मोबाइलच्या क्लिपांचा वेग कमीजास्त होता. साऱ्या सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या करून पुन्हा बसवल्या. संध्याकाळी पाहुण्यांना बिनधास्त दाखवा.

ते करताना शेवटची नावांची पाटीही पाहिली. तुमच्याकडे मराठी फॉन्ट नसल्यानं आपल्या दोघांच्या नावांचे चौकोन झाले, हे समजलं. तुमचं नाव तुम्ही बसून इंग्रजीत दुरुस्त केलं. ‘संकलन: मीनल’ ही ओळच काढून टाकली. काहून? तीन महिने मी काय भाजी निवडत होती? मले विचारलं असतं, तर दोन मिनिटांत दोन्ही नावं आली असती.

फॉन्ट पेनड्राइव्हमध्ये ठेवला आहे. ती ओळ मी घालणार नाही, तुम्ही घाला.

बीपीची गोळी डब्याच्या झाकणावर आहे, ती तरी गाळू नका. मी समता कॉलोनीत ज्ञानदाताईकडे आहे. ओळ घातली, तर सहाच्या आत न्यायला या. नाही घातली, तर पाहुण्यांना सांगा, मीनलचं इथं काही काम नव्हतं.

मीनल