अक्का, तू मला विचारलं होतंस

प्रिय अक्का,

रेशनकार्डावरून तुझं नाव कमी करायला महाडच्या कचेरीत माझ्या तीन खेपा झाल्या. या अत्याचाराची नोंद इतिहासाने घ्यावी! तू आता रॉकेल न्यायला येणार नाहीस, हे शपथेवर सांगितलं तरी कारकुनाला पटेना. शेवटी त्याने चष्म्यावरून पाहत विचारलं, "मयत तुमची कोण?" आणि 'बहीण' एवढं म्हणायला माझा आवाज फुटेना. गावभर लोकांची टर उडवणारा मी! म्हणून हे पत्र.

सहा वर्षांपूर्वीचा तो दिवस. तुझ्या दवाखान्यात ऑक्सिजनचा सिलिंडर एकच. त्याची नळी बाबांच्या नाकाला. डॉक्टर पोलादपूरला, घाटातल्या अपघाताकडे गेलेले. तेवढ्यात नाते गावाहून एक बाळंतीण आणली. झटके येत होते, ओठ निळे पडलेले.

बाबांची नाडी धरून तू माझ्याकडे वळलीस. "बाळ्या, बाबा आता फार तर आजचा दिवस. ही वाचेल. काढू?"

मी काय केलं? खिडकीबाहेर पाहत राहिलो. मग म्हणालो, "तू सिस्टर. तुला कळतं."

किती सोयीचं वाक्य! त्यात होकार होता, फक्त मी नव्हतो.

ती वाचली. बाबा दुपारी गेले. परत आल्यावर डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, मीही हेच केलं असतं." पण हळूच, मोठ्याने म्हणायला बहुधा वरून मंजुरी लागते.

आईने रडत विचारलं, "नळी कुणी काढली?" मी तुझ्याकडे बोट दाखवलं.

तेव्हापासून तिने तुझ्या हातचा चहा घेतला नाही. दर बुद्धपौर्णिमेला तू बिरवाडीला घरी यायचीस, कप तिच्यापुढे ठेवायचीस, तो तसाच निवायचा. एकदा तरी माझं नाव घ्यायचंस गं! पेशंटचं गुपित राखावं तसं माझं राखलंस?

आता घरात आई आणि मी. इतकं सामसूम, की माझे विनोद मलाच ऐकू येतात. आणि ते फारसे चांगले नाहीत.

आज ती तांदूळ निवडत होती. समोर बसून म्हणालो, "आई, नळी काढायच्या आधी अक्काने मला विचारलं होतं. मी नको म्हटलं नाय."

सूप थांबलं.

"मग सहा वर्सं सगळं तिच्या एकटीच्या डोक्यावर? का रे?"

"भ्यालो."

"आणि मी... मी पण तिला कधी विचारलं नाय."

ती भिंतीकडे तोंड करून बसली. अजून तशीच बसलीय.

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळे नातेवाईक जमतील. त्यांच्यापुढे उभा राहून हेच सांगेन, एकही विनोद न करता. शब्द देतो.

तुझा धाकटा,
बाळ्या